एका पांघरुणातला ताप

९ फेब्रुवारी

दादा,

तू फोन उचलत नाहीस म्हणून लिहायला बसले. वहिनीला विचारलं तर म्हणते, ते कामावर गेलेत. रविवारीही कामावर, जेवणाच्या वेळेलाही कामावर. शहरातल्या सगळ्या लिफ्ट एकदमच बंद पडल्या का रे? आणि दुरुस्त करणारा तू एकटाच उरलास?

तब्येतीचं आधी सांगून टाकते. मूत्राशयातली गाठ दुर्बिणीतून खरवडून काढली. लघवीतून रक्त जायचं थांबलंय. मी जेवते, झोपते आणि तुझ्या मेहुण्यांवर ओरडते, म्हणजे ठणठणीत आहे असं समज. तुकडा तपासायला पाठवलाय. फारसं काही निघायचं नाही.

आता त्या दिवसाचं. तुला वाटलं असेल मी गुंगीत होते. नव्हते. खोलीचं दार उघडं होतं आणि तुम्ही तिघं दाराबाहेरच उभे होतात. तो पोरगेलासा डॉक्टर सांगत होता की हिच्या लघवीत जो विषाणू सापडलाय, त्याचा आणि मूत्राशयाच्या कॅन्सरचा संबंध असू शकतो, अजून नक्की कुणाला सांगता येत नाही. आणि किडनी बसवलेल्या माणसांत तो बरेचदा देणाऱ्याच्या किडनीबरोबर येतो. 'असू शकतो' आणि 'बरेचदा' हे शब्द त्या बिचाऱ्याने पुन्हा पुन्हा वापरले. ते कुणी ऐकलेच नाहीत. तुझे मेहुणे एकदम म्हणाले, "म्हणजे हे तुमच्याकडूनच आलं हिच्यात."

आणि तू म्हणालास, "बरं."

एवढंच. बॅग उचललीस आणि जिना उतरून गेलास. लिफ्टनेसुद्धा गेला नाहीस.

दादा, माझ्या नवऱ्याला मी ओळखते. दिवसभर चष्म्याच्या दुकानात बसून लोकांच्या डोळ्यांवर काचा बदलून विचारायचं, आता नीट दिसतं का, आता? आणि स्वतःला समोर उभं असलेलं माणूस दिसत नाही. त्या दिवशी ते घाबरले होते. घाबरलेला माणूस हाताला लागेल ते फेकून मारतो. त्यांच्या हाताला तू लागलास.

तू मला किडनी दिलीस, त्या ऑपरेशननंतरचे दिवस आठवतात? बारा वर्षं झाली. आपल्या खोल्या शेजारीशेजारी होत्या. तू भिंतीवर टकटक करून ओरडायचास, "ठेंगे, झाली का गं?" अख्ख्या वॉर्डाला कळलं होतं की ठेंगीला लघवी व्हायची आहे. पिशवी भरायला लागली तेव्हा नर्स तुझ्या खोलीत सांगायला गेली, तर तू टाळ्या वाजवल्यास, मग टाके दुखले म्हणून तिलाच शिव्या दिल्यास. मूल झाल्यावरही माणसं एवढी खूश होत नसतील.

त्या किडनीबद्दल मला कुणाकडूनही वाईट ऐकायचं नाही. तुझ्याकडूनही नाही.

फोन उचल.

तुझी,
ठेंगी


२ मार्च

दादा,

तोंडात गुळणी धरून बसायचंच ठरवलंयस तर बस. मी लिहीत राहणार. लहानपणीही तू रुसायचास आणि मी बडबडायचे, शेवटी तूच कंटाळून म्हणायचास, "बास, रुसवा गेला, आता गप्प बस."

परवा मोठ्या बाईंकडे गेले होते. किडनीच्या डॉक्टरीणबाई, त्याच, ज्यांनी तुझ्याही पोटावर हात ठेवून "उत्तम माल आहे" म्हटलं होतं. म्हटलं, बाई, हा विषाणू आहे तरी काय, मला समजेल असं सांगा.

"बीके त्याचं नाव," त्या म्हणाल्या. "ज्या पेशंटमध्ये पहिल्यांदा सापडला त्याच्या नावाची आद्याक्षरं. त्यालाही किडनीच बसवली होती."

"म्हणजे आमच्याच बिरादरीतला."

त्या हसल्या. मग सांगत बसल्या. म्हणे जगातल्या बहुतेक माणसांना हा लहानपणीच होतो. सर्दी आली-गेली असं वाटतं, किंवा तेवढंही कळत नाही. मग तो किडनीत, मूत्रमार्गात जाऊन निजतो. जन्मभर. कुणाला काही करत नाही. पण परकी किडनी टिकावी म्हणून आम्ही ज्या गोळ्या घेतो ना, त्यांनी शरीराचा पहारा ढिला होतो, आणि हा जागा होतो. मला दुसऱ्या वर्षी त्रास झाला होता, किडनी सुजली होती, तो हाच.

"आणि कॅन्सरही यानेच केला?"

"तुमच्या गाठीच्या पेशींत तो सापडलाय. संशय घ्यायला जागा आहे. पण घरात चोर सापडला म्हणजे खूनही त्यानेच केला असं होत नाही. त्या गोळ्यांनीही कॅन्सरचा धोका वाढतो. तुम्ही काम काय करता?"

सांगितलं, कापड रंगवायच्या कारखान्यात आहे, छटा जुळवते. बाईंनी पेन खाली ठेवलं.

"कधीपासून?"

"लग्नाच्या आधीपासून."

"जुन्या रंगांतले काही मूत्राशयाला फार वाईट असायचे. घरात कुणी सिगरेट ओढतं?"

मी तुझ्या मेहुण्यांकडे पाहिलं. ते जमिनीकडे पाहत होते.

तर असं आहे बघ. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली म्हणतात, इथे तर एका फांदीवर चार कावळे बसले होते. त्यातला नेमका तुझाच आमच्या माणसाने पकडला. कारण रंगाच्या पिंपाशी भांडता येत नाही, गोळीशी भांडता येत नाही, आणि स्वतःच्या सिगरेटशी भांडायला धीर लागतो. त्यांनी सिगरेट सोडलीय, बरं का. त्याच दिवशी. मला सांगितलं नाही, पण शर्टाला आता वास येत नाही.

तुकड्याचा रिपोर्ट आला. थोडंफार औषध, आणखी काही बारीकसारीक करावं लागेल. गोळ्या जरा कमी केल्यात. कारखान्यात मालकांनी मला पिंपांपासून उठवून नमुन्याच्या खोलीत खिडकीशी बसवलंय. काल एक बाई तिच्या सासूचा विटलेला पडदा घेऊन आल्या. म्हणाल्या, नवं कापड हवंय पण अगदी या विटलेल्या रंगाचं. दिवसभर तेच करत होते. नवा रंग करणं सोपं, दादा. उन्हाने इतक्या वर्षांत जे केलं ते एका दुपारी करून दाखवणं कठीण. संध्याकाळपर्यंत जवळपास जमलं, पण त्या बाईंना फरक दिसलाच.

तुझी,
ठेंगी


२९ मार्च

दादा,

तू आला होतास!

लॅबमधल्या बाईंनी सहज विचारलं, "तुमचे भाऊ पोचले का नीट घरी?" मी म्हटलं, कोण भाऊ? "अहो ते उंच, कपाळावर खोकेची खूण असलेले. रक्त आणि लघवी देऊन गेले की." मग त्या पोरगेल्या डॉक्टरला धरलं. तेव्हा त्याने कबूल केलं की तू स्वतःच त्याला फोन करून विचारलंस, माझा विषाणू आणि तिचा विषाणू एकच आहे का ते तपासता येईल का. तो म्हणाला, एरवी आम्ही करत नाही, पण अभ्यासासाठी करू. आणि तू अर्धा दिवस बसमध्ये बसून आलास, दंडात सुई टोचून घेतलीस, बाटली भरून दिलीस आणि अर्धा दिवस बसमध्ये बसून परत गेलास.

मी वरच्याच मजल्यावर होते रे. एक जिना. तुला जिने आवडतात ना हल्ली?

हो, त्या दिवशी मी हॉस्पिटलातच होते. का होते ते विचारू नकोस. तपासण्या असतात.

मला इतका राग आलाय की पेन कागदातून आरपार जातंय. काय शोधतोयस तू? समजा निघालं, तुझाच आहे. मग? बारा वर्षं मी तुला परत करू? घे. त्यातली आईच्या शेवटच्या आजारपणातली दोन आधी घे, मी तिला उचलून बसवत होते ती. नंतर माझी स्कूटर शिकले ते वर्ष घे. आणि समजा निघालं, तुझा नाही. मग येशील? मग माझ्याशी बोलशील? माझ्याशी बोलायला तुला लॅबची चिठ्ठी लागते का?

पत्र फाडणार होते. फाडत नाही. तुला कळू दे मी किती चिडलेय ते.

ठेंगी


४ मे

दादा,

रिपोर्ट तुलाही मिळाला असेल. दोघांचा एकाच उपप्रकाराचा. वहिनीचा फोन आला तेव्हा मला कळलं की तुझ्यापर्यंत तो पोचलाय.

वहिनीने आपण होऊन मला फोन केला, यावरूनच मी समजले की काहीतरी बिनसलंय. तुला माहितीय मी तिला किती घाबरते. किडनी द्यायचं ठरलं तेव्हा आपल्या सगळ्यांसमोर तिने विचारलं होतं, "यांचं शरीर म्हणजे काय पाण्याची टाकी आहे, नळ सोडला की मिळालं?" बारा वर्षांत ते वाक्य मी विसरले नाही, आणि ती चुकीचं बोलली असंही मला कधी वाटलं नाही. नवरा तिचा होता.

"ऐक," ती म्हणाली. "हे जेवत नाहीत. लिफ्टच्या टपावर चढून बसतात म्हणे, काम संपलं तरी. बरोबरच्या माणसाने हाक मारली की उतरतात, पण बोलत नाहीत."

"वहिनी, तू तरी समजाव ना."

"मी काय समजावू? मी तेव्हा नको म्हणत होते. आता मी तोंड उघडलं तर त्यांना वाटेल, ही जिंकली." मग हळूच म्हणाली, "मला जिंकायचं नव्हतं गं. कधीच नव्हतं."

दादा, उतर तिथून. आणि आता मोठ्या बाई काय म्हणाल्या ते शब्दाला शब्द लिहिते, ते दोनदा वाच. "एकच उपप्रकार आहे, पण यावरून काही ठरत नाही. तुम्ही सख्खे भाऊबहीण, एका घरात वाढलात. लहानपणी एकाला झाला तो दुसऱ्याला लागला असणार. आता तुमच्यात जागा झाला तो त्यांच्या किडनीतून आलेला, की आधीपासून तुमच्याच अंगात निजलेला, हे मलाच काय, कुणालाच सांगता येणार नाही."

घरी आले आणि मला आपली जिन्याखालची खोली आठवली. एक खाट, एक पांघरूण, आणि पांघरुणाची ओढाओढ. मी नुकती शाळेत जायला लागले होते. नाक गळत घरी आले आणि थोड्या दिवसांनी तू असा तापलास की तुझी परीक्षा बुडाली. आईने मला दारात धरलं. "आणलंस ना? आणलंस आणि दिलंस दादाला!" मला वाटलं होतं, मी खरंच काहीतरी वस्तू तुला दिली. रडत तुझ्याजवळ आले आणि म्हणाले, दादा, परत दे. तू तापात म्हणालास, "नको, असू दे माझ्याकडे."

तेव्हाचा तो ताप म्हणजेच हा विषाणू, असं मी म्हणत नाही. कुणालाच म्हणता येणार नाही. पण तू ज्याला तुझा म्हणून उराशी धरून बसलायस, तो कदाचित माझाच असेल. मी तुला दिला, तू इतकी वर्षं सांभाळलास, आणि किडनीबरोबर माझ्याकडे परत आला. कुणी कुणाला दिलं याचा निवाडा आई करायची. ती आता नाही. आपल्याला जमणार नाही, आणि करूही नये.

आता माझं. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही, वहिनीलाही सांगितलंय. मार्चमध्ये तू खाली होतास तेव्हा मी वर होते, कारण माझं मूत्राशय काढून टाकलं होतं. गाठ स्नायूत शिरली होती, ते मला फेब्रुवारीतच कळलं होतं. पोटावर आता पिशवी आहे. सुरुवातीला मी तिच्याकडे बघायचेच नाही. आता बघते. तुझे मेहुणे ती बदलायला शिकलेत, चष्म्याच्या दांडीचा स्क्रू बसवताना करतात तसे डोळे बारीक करून. एकदा मला म्हणाले, "मी त्यांना असं बोलायला नको होतं." मी म्हटलं, मला काय सांगता? त्यांना सांगा. तर म्हणाले, "ते माझा फोन उचलतील?"

उचलशील?

तुझी,
ठेंगी


२१ जून

दादा,

हे पत्र मी तीनदा सुरू केलं. दोनदा तब्येतीच्या गप्पा मारून संपवलं आणि पाठवलं नाही.

कॅन्सर मूत्राशयापुरता राहिला नाही. जवळच्या ग्रंथींमध्ये गेलाय. आम्ही दोघं मोठ्या बाईंसमोर बसलो होतो आणि त्या नेहमीसारख्या बोलत नव्हत्या. समोरचा पाण्याचा पेला त्यांनी सरळ केला, पुन्हा सरळ केला. मग म्हणाल्या, एक औषध आहे. ते कॅन्सरला मारत नाही, आपल्याच शरीराच्या पहारेकऱ्यांना जागं करून त्याच्यावर सोडतं. पण पहारेकरी जागे झाले की त्यांना परकं दिसेल त्या प्रत्येकावर धावून जातील.

"किडनीवर," मी म्हटलं.

"हो. तुमच्या गोळ्याही बंद कराव्या लागतील. किडनी जवळजवळ नक्की जाईल. मग डायलिसिस."

"आणि गोळ्या चालू ठेवल्या तर?"

"किडनी राहील. पण कॅन्सरला अडवणारं कुणी राहणार नाही."

मी काही बोलायच्या आत तुझे मेहुणे म्हणाले, "किडनी राहू दे."

बाईंना वाटलं यांना नीट समजलं नाही. त्या पुन्हा समजावायला लागल्या. तर हे पुन्हा म्हणाले, "समजलं मला. पण ती तिच्या भावाने दिलीय. तिला हात लावू नका. दुसरं काहीतरी करा." आणि त्या खोलीत, बाईंसमोर, हुंदके देऊन रडायला लागले. ज्या माणसाने तुला तसं बोलून घालवलं तोच हा. मी त्यांची पाठ चोळत बसले. पेशंट कोण आणि सोबत कोण, बाहेरून आलेल्याला कळलं नसतं.

घरी येऊन मी विचार केला. ती उजवीकडे आहे, मांडीच्या जरा वर. हात ठेवला की बोटांना लागते, कातडीच्या खालीच. इतकी वर्षं तिथे कुणी धक्का देऊ नये म्हणून गर्दीत मी बॅग पुढे धरून चालले. कारखान्यात नवी पोरगी आली की तिला पहिल्याच दिवशी सांगायचे, या बाजूने मला ढकलायचं नाही, इथे माझा भाऊ आहे.

दादा, मी तुझी परवानगी मागतेय. नाही, मागत नाहीये. गोळ्या सोमवारी बंद केल्या.

मला जगायचंय म्हणून केलं. तू दिलेलंच ठेवून मरण्यापेक्षा ते देऊन जगता आलं तर बघावं, असं वाटलं. तूही हेच सांगितलं असतंस ना? तू बोलत नाहीस म्हणून तुझ्या वतीने मलाच बोलावं लागतंय, आणि ते बरोबर आहे की नाही हे मला कळत नाही.

ठेंगी


१९ जुलै

दादा,

तू गेल्यावर खोली एकदम मोठी वाटायला लागली.

समोर असताना बोलता आलं नाही ते लिहिते. तू येशील असं मला वाटलं नव्हतं. ताप चढला होता, पोट दगडासारखं झालं होतं आणि सर्जन म्हणाले, किडनी नुसती बंद पडून भागणार नाही, काढावीच लागेल, आजच. तुझे मेहुणे मला न सांगता वहिनीला फोन करायला बाहेर गेले. रात्री मला आत नेलं तेव्हा तू आला नव्हतास. शुद्धीवर आले तेव्हा तू भिंतीला टेकून उभा होतास, वहिनी पायाशी होती.

मधल्या वेळात काय झालं ते यांनी मला नंतर सांगितलं. तू जिना चढून आलास. यांनी उठून तुला आपली खुर्ची दिली. तू बसला नाहीस. मग तेही बसले नाहीत. वहिनी म्हणाली, "अहो, कुणीतरी बसा, लोकांना खुर्ची हवीय." तरी तुम्ही दोघं उभेच. ऑपरेशन संपेपर्यंत तुम्ही दोघं त्या एका रिकाम्या खुर्चीच्या दोन बाजूंना उभे होतात म्हणे. शेवटी हे म्हणाले, "दादा, मी त्या दिवशी..." आणि तू म्हणालास, "तिने सिगरेटचं कळवलंय मला. चांगलं केलंत."

यांना अजून कळलेलं नाही, ही माफी होती की टोमणा. मी सांगितलं, आमच्या घरात दोन्हींत फारसा फरक नसतो.

आणि मी डोळे उघडले तेव्हा तू काय बोललास? इतक्या महिन्यांनंतरचं पहिलं वाक्य. माझ्या कानाशी वाकून म्हणालास, "अजून एक आहे. घे."

मला हसायचं होतं पण टाके ओढले गेले. आणि मग तुझ्याकडे बघितलं तर तू विनोद करत नव्हतास. दादा, तू खरंच विचारत होतास. वहिनीने ऐकलं. तिने तुला अडवलं नाही. खिडकीकडे तोंड केलं आणि उभी राहिली, नवरा पुन्हा देऊन टाकायची तयारी करून. मी तिच्याकडे पाहून मान हलवली, नाही. तेव्हा ती माझ्या उशाशी येऊन बसली आणि माझे केस विंचरायला लागली. तिने आजवर माझ्या केसांना कधी हात लावला नव्हता.

मी तुला 'वेडा आहेस का' म्हणाले आणि तोंड फिरवलं. तुला वाटलं असेल मी रागावले. मला रडताना टाके दुखत होते, एवढंच.

डायलिसिस सुरू झालंय. नवं औषधही. आता पाणी मोजून प्यायचं. बाकी सगळं छान आहे.

तुझी,
ठेंगी


३० ऑगस्ट

दादा,

मागच्या पत्रात शेवटी 'छान आहे' लिहिलं होतं. नव्हतं. प्रत्येक पत्रात मी थोडं थोडं झाकत आले, या पत्रात झाकत नाही.

औषध लागू पडलं नाही. फुफ्फुसांत दिसतंय, यकृतातही. मोठ्या बाई खुर्ची ओढून माझ्या खाटेजवळ बसल्या, यांनाही बसायला लावलं. म्हणाल्या, "आता मी तुम्हाला जो त्रास देईन त्याचा उपयोग होणार नाही. म्हणून देणार नाही." मी विचारलं, "किती दिवस?" त्या म्हणाल्या, "ते मला सांगता येत नाही. पण ज्यांना भेटायचंय त्यांना उगीच पुढची तारीख देऊ नका."

मी त्यांना विचारलं, बाई, शेवटी होता कोण? विषाणू, गोळ्या, रंग, की नुसतं नशीब? बाई म्हणाल्या, "तुमची गाठ, तुमचे आणि तुमच्या भावाचे नमुने, सगळं आम्ही जपून ठेवलंय. अशा बऱ्याच जणांचं एकत्र पाहिलं की कधीतरी कळेल. तुम्हाला नाही सांगता येणार मला." मला त्याचं वाईट वाटलं नाही. उलट वाटलं, त्या एवढ्या मोठ्या बाई आणि त्यांनी मला खोटं सांगितलं नाही.

पण तुला सांगून ठेवते. उद्या पक्कं ठरलं की हा विषाणूच होता आणि तो किडनीतूनच येतो, तरी त्यात तुझं नाव येत नाही. तू मला किडनी दिलीस. मी ती वापरली, शेवटपर्यंत वापरली. त्यापलीकडे आपल्या दोघांत काही झालेलं नाही. कुणीही वेगळं सांगितलं, अगदी तुझ्या मनाने सांगितलं, तरी माझं ऐक, मी लहान असले तरी.

कारखान्यातल्या पोरी येऊन गेल्या. गप्पा मारल्या, हसवलं मला, आणि जिन्यात जाऊन रडल्या. तिथला आवाज खोलीत येतो हे त्यांना माहीत नाही. यांनी दुकान उघडणंच सोडलंय. रात्रंदिवस माझ्याकडे बघत बसतात, निम्मे झालेत. त्यांच्यासमोर मी खंबीर असते. वहिनीशी फोनवर बोलते तेव्हाही असते. बाईंना काही सांगितलं की त्या त्यावर औषध देतात.

म्हणून तुला सांगते. मला भीती वाटते, दादा. दुखण्याची नाही, त्याला इंजेक्शन आहे. सगळे घरात असतील, स्वयंपाकघरात भांडी वाजत असतील, आणि मी नसेन, याची. ती भीती सकाळी डोळे उघडायच्या आधीच येऊन बसते. हे मी अजून कुणालाही म्हटलेलं नाही.

काम कुणावर तरी सोपव. वहिनीला घेऊन ये, राहायच्या तयारीने ये. काही आणू नकोस, काही बोलायचं ठरवू नकोस. माझी खाट आता भिंतीपासून सरकवलीय, दोन्ही बाजूंना बसायला जागा आहे. एका बाजूला हे असतात.

ये.

तुझी,
ठेंगी